तापलेल्या ट्रकची षड्दर्शने

भारतीय परंपरेत सत्याकडे जाणाऱ्या सहा वाटा मानल्या आहेत. सुरतेच्या उधना आणि लिंबायत भागांत तापणाऱ्या ट्रककडे जाणाऱ्या वाटाही सहाच आहेत, फरक इतकाच की येथे प्रत्येक वाटेवर पैसे मोजावे लागतात. मूळचे इंजिन उतरवून त्या जागी दुसरे डिझेल इंजिन बसवलेला ट्रक वारंवार तापू लागला, तर निदान काय निघेल हे निदान कोण करतो यावर ठरते, आणि निदान करणारा जो भाग विकतो किंवा दुरुस्त करतो नेमका तोच भाग बिघडलेला निघतो, हा या शास्त्राचा पहिला नियम होय. प्रस्तुत विवेचनात या मतांची मांडणी, त्यांचे खंडन आणि अखेरीस सिद्धान्त असा क्रम ठेवला आहे.

या अभ्यासासाठी सुरतच निवडण्यास कारण आहे. लिंबायत-उधना भागांतील यंत्रमागांवर विणलेले कोरे कापड, ज्याला व्यापारात ‘ग्रे’ म्हणतात, ते रंगाई-छपाईसाठी पांडेसरा किंवा सचिन येथील गिरण्यांत जाते, तेथून रिंग रोडवरील कापडबाजारात येते आणि मग गाठी बांधून देशभर निघते. म्हणजे कोणाच्या अंगावर चढण्यापूर्वी साडी तीनदा तरी गाडीत चढलेली असते. धुळे, नंदुरबार आणि जळगाव जिल्ह्यांतून आलेली खानदेशी कुटुंबे याच भागात मोठ्या संख्येने राहतात, आणि त्यांच्या गावाकडे जाणारा रस्ता, म्हणजे पूर्वीचा राष्ट्रीय महामार्ग ६ आणि आताचा ५३, बारडोली, व्यारा, सोनगढ, नवापूर करत कोंडाईबारी घाट ओलांडून धुळ्याला पोहोचतो. गाडी तापली की मालक गुजरातीत, चालक अहिराणीत आणि मिस्त्री हिंदीत बोलू लागतो, पण तिघांचे म्हणणे एकच असते, ते म्हणजे चूक दुसऱ्याची आहे.

इंजिनबदल ही काही अलीकडची चूष नव्हे. दुसऱ्या महायुद्धानंतरच्या काळात परदेशी घडणीचे जे पेट्रोल ट्रक भारतीय रस्त्यांवर धावत होते, त्यांचा इंधनखर्च परवडेनासा झाला की मूळ इंजिन उतरवून पर्किन्स कंपनीचे सहा सिलिंडरचे ‘पी-सिक्स’ डिझेल इंजिन बसवण्याची रीत होती, आणि पुढे पर्किन्स इंजिने मद्रासच्या सिम्पसन कंपनीत तयार होऊ लागली. वालचंद हिराचंद यांनी १९४४ साली स्थापन केलेल्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सच्या कुर्ल्यातील कारखान्यातून डॉज आणि फार्गो या नावांचे ट्रक बाहेर पडत. आज त्याच कुर्ल्यात जुन्या गाड्यांच्या सुट्या भागांचा मोठा बाजार भरतो, म्हणजे ट्रकचा जन्म आणि पुनर्जन्म या दोहोंची सोय एकाच उपनगराने केली आहे.

टाटांचे डिझेल ट्रक डाइम्लर-बेंझ यांच्या सहकार्याने १९५४ पासून जमशेदपुरात बनू लागले आणि १९८६ साली टाटा ४०७ हा हलका ट्रक आला. त्याच्या इंजिनाला ४९७ म्हणतात, कारण त्यात सिलिंडर ४ आणि प्रत्येकाचा व्यास ९७ मिलिमीटर असतो. मोठ्या ट्रकमधील ६९७ या इंजिनात व्यास तोच, पण सिलिंडर ६. यावरून दुसरे इंजिन पहिल्याच्या दीडपट असेल असा हिशेब कोणी केला तर तो फसतो, कारण स्ट्रोक, म्हणजे पिस्टनची वरखाली होणारी धाव, पहिल्यात १०० तर दुसऱ्यात १२८ मिलिमीटर असल्याने घनक्षमता २९५६ वरून एकदम ५६७५ घनसेंटिमीटरवर जाते. याहून मोठा घोटाळा एकाच नावाच्या दोन इंजिनांत आहे. ४९७ हे इंजिन आधी साध्या रूपात आले आणि नंतर टर्बोचार्जर घेऊन आले. टर्बोचार्जर म्हणजे बाहेर पडणाऱ्या धुराच्या जोरावर फिरून सिलिंडरमध्ये जादा हवा कोंबणारा पंखा, आणि जादा हवा आली की जादा डिझेल जाळता येते. आकडा तोच, तेव्हा इंजिनही तेच, असे मानून मालक साधे इंजिन उतरवून टर्बोचे इंजिन चढवतो आणि आपण काही बदललेच नाही अशा निष्पाप मुद्रेने गाडी रस्त्यावर आणतो.

कायद्याला मात्र ही निष्पापता मान्य नाही. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याच्या ५२ व्या कलमानुसार नोंदणीपत्रातील तपशील उत्पादकाने मुळात दिलेल्या तपशिलाशी विसंगत ठरेल असा फेरफार गाडीत करता येत नाही; ज्याच्याकडे मालवाहतुकीची किंवा प्रवासी धंद्याची किमान १० वाहने आहेत, अशा मालकास त्याच बनावटीचे आणि त्याच प्रकारचे इंजिन पूर्वपरवानगीशिवाय बदलण्याची मुभा राज्य सरकार देऊ शकते, मात्र त्यानंतर १४ दिवसांच्या आत नोंदणी अधिकाऱ्यास कळवावे लागते. या कलमात मालक, इंजिन, नोंदणीपत्र आणि शुल्क या सर्वांचा विचार केलेला आहे, फक्त रेडिएटरचा नाही; आणि जे कायदेमंडळाला सुचले नाही ते उधन्यातील एका गाडीमालकाला सुचावे, ही अपेक्षाही रास्त नाही.

वास्तविक हा सारा जमाखर्चाचा मामला आहे, आणि सुरतेत जमाखर्च कोणाला शिकवावा लागू नये. रुडॉल्फ डिझेल याच्या इंजिनाची १८९७ साली आउग्सबुर्ग येथे चाचणी झाली तेव्हा इंधनातील सुमारे २६ टक्के ऊर्जा कामी आली आणि जग थक्क झाले. पुढे इंजिने सुधारली, तरी जुन्या ट्रकबाबत ढोबळ हिशेब असा मांडतात की एक तृतीयांश ऊर्जा चाके फिरवते, एक तृतीयांश धुरातून जाते आणि उरलेली इंजिनाभोवती फिरणाऱ्या पाण्यात उतरते. १०० अश्वशक्तीचे, म्हणजे सुमारे ७५ किलोवॅटचे इंजिन पूर्ण जोर लावत असताना पाण्यात ५० किलोवॅटहून अधिक उष्णता ओतत असते, म्हणजे २ किलोवॅटचे पंचवीसहून अधिक गीझर बोनेटखाली एकाच वेळी चालू असतात. जुन्या रेडिएटरला यातील पाऊण भागाचीच सवय असेल, तर उरलेल्या पाव भागाची उष्णता दर मिनिटाला थोडी थोडी थकबाकी होऊन साचते, आणि काटा लाल पट्ट्यात जातो तो याच थकबाकीची वसुली म्हणून. तेव्हा तापणे हा स्वतंत्र रोग नसून आवक आणि जावक यांतील तूट आहे, आणि ही तूट कोणत्या खात्यात पडली यावर पुढील सहा मते आहेत.

पहिले मत रेडिएटरवाद्यांचे. त्यांच्या दृष्टीने जगातील सर्व ताप रेडिएटरच्या बारीक नळ्यांत अडकलेला असतो, म्हणून टाकी उघडून नळ्यांतून सळई घालून गाळ काढणे, ज्याला बाजारात ‘रॉडिंग’ म्हणतात, हा प्रथमोपचार, आणि नळ्यांची एक ओळ वाढवून जाळी जाड करणे हा शस्त्रोपचार. पहिला उपाय जुन्या रेडिएटरला खरोखर लाभतो. दुसऱ्यात अडचण अशी की मागच्या ओळीला पुढच्या ओळींनी आधीच तापवलेली हवा मिळते, म्हणून जाळी जाड करण्यापेक्षा तिचे क्षेत्रफळ वाढवणे अधिक गुणकारी ठरते. पण क्षेत्रफळ वाढवायचे तर समोरची चौकट कापावी लागते, आणि चौकट कापणारा कारागीर वेगळ्या दुकानात बसत असल्याने हे मत तेवढे पुढे जात नाही.

दुसरे मत थर्मोस्टॅटच्या उच्छेदकांचे. थर्मोस्टॅट म्हणजे पाण्याच्या वाटेवर बसवलेली, मेणाच्या प्रसरणाने उघडणारी झडप. इंजिन पुरेसे गरम होईपर्यंत, साधारण ८० अंशांच्या आसपास, ती पाणी रेडिएटरकडे जाऊ देत नाही. गॅरेजच्या बोलीत तिला ‘वॉल’ म्हणतात आणि तापलेली गाडी आत आली की ती सर्वप्रथम काढून फेकली जाते, कारण वाट अडवणारी वस्तू वाट मोकळी करण्यासाठीच काढावी हे तर्कशुद्ध दिसते. परंतु अनेक इंजिनांत हीच झडप उघडताना रेडिएटरला वळसा घालणारी आडवाट बंद करते. झडप गेली की आडवाट कायमची उघडी राहते, आणि सरकारी कचेरीतील अर्जाप्रमाणे गरम पाणी कोठेही न थांबता परत मूळ टेबलावर येते. त्यामुळे झडप काढल्यावरही गाडी तापली तर उच्छेदक गोंधळतात, कारण आता काढण्यासारखे काही शिल्लक नसते.

तिसरे मत जलवाद्यांचे, आणि त्यात दोन उपपंथ आहेत. पहिला उपपंथ बोअरिंगचे पाणी ओततो. जड पाण्यातील क्षार तापलेल्या भिंतींवर चढत जाऊन पातळ थर धरतात, हा थर धातूच्या मानाने उष्णतेला फार अडवतो, आणि अशा रीतीने बाहेरून भरपूर पाणी प्यालेले इंजिन आतून कोरडेच राहते. दुसरा उपपंथ कूलंटचा, म्हणजे पाण्यात मिसळावयाच्या ग्लायकॉलयुक्त द्रवाचा, आणि त्यातही हिरवा खरा की गुलाबी यावर वाद आहे. निव्वळ उष्णता वाहून नेण्यात साधे पाणी कूलंटपेक्षा सरस असते, आणि कूलंटमुळे पाणी गोठत नाही ही थोरवी सुरतेत कोणाच्या उपयोगाची नाही; परंतु कूलंट गंज रोखतो, उकळबिंदू वाढवतो आणि ज्या डिझेल इंजिनांत सिलिंडरची लायनर, म्हणजे आतील नळी, थेट पाण्यात बुडालेली असते तेथे कंपनांमुळे नळीला पडणारी बारीक भोके टाळतो, म्हणून तो लागतोच. दोन्ही उपपंथ रेडिएटरच्या झाकणाकडे मात्र दुर्लक्ष करतात. झाकण आतला दाब टिकवते, आणि वातावरणाइतका जादा दाब मिळाला तर पाणी १०० ऐवजी १२० अंशांना उकळते; झाकणाची स्प्रिंग मेली की हे २० अंश फुकट जातात. याच कारणाने तापलेल्या गाडीचे झाकण उघडताच दाब सुटून पाणी एकदम उकळते आणि वाफेसह अंगावर येते, तरीही ते ओल्या फडक्याने उघडण्याचा मान परंपरेने क्लीनरला दिला जातो, कारण क्लीनर हा गाडीचा सर्वांत स्वस्त सुटा भाग समजला जातो.

चौथे मत वातवाद्यांचे, आणि इंजिन बदललेल्या गाडीत तेच बहुधा सत्याच्या सर्वांत जवळ असते. नवे इंजिन जुन्यापेक्षा आखूड निघाले तर त्याचा पंखा जाळीपासून लांब राहतो. लांब निघाले तर पंख्याभोवतीचे श्राउड, म्हणजे हवा जाळीतूनच ओढली जावी म्हणून बसवलेले वेष्टन, जागा होत नाही म्हणून काढले जाते, आणि मग पंखा जाळीतून हवा ओढण्याऐवजी बोनेटखालचीच गरम हवा घोळवत राहतो. पट्ट्याची मांडणी बदलून पंखा उलटा फिरू लागला, तर तो समोरून येणारा वारा परत समोर ढकलतो. त्यात भर पडते ती अलंकारांची: जाळीपुढे क्रोमचा दांडा, दांड्यावर चार भोंगे, भोंग्यांच्या मध्ये दैवताची चौकट, चौकटीखाली लिंबू-मिरची आणि कीटक अडवायला मच्छरदाणी, इतके अडथळे पार करून जी हवा आत जाते तिला पुढे बारडोलीच्या उसाचे पाचट किंवा कापडबाजारातील तंतू जाळीच्या पंखांत अडकलेले भेटतात. टर्बोच्या इंजिनाबरोबर इंटरकूलर, म्हणजे कोंबलेली हवा थंड करणारी दुसरी जाळी, आली असेल आणि ती रेडिएटरपुढे बसवली असेल, तर रेडिएटरला मिळणारी हवा आधीच शेकलेली असते. वाईट नजर या गाडीपर्यंत पोहोचत नाही हे खरे, परंतु तिच्याबरोबर वाराही पोहोचत नाही.

पाचवे मत गॅस्केटवाद्यांचे. हे निराशावादी तत्त्वज्ञ आहेत. सिलिंडरचे डोके आणि ब्लॉक यांच्यामध्ये हेड गॅस्केट नावाचा जो पातळ थर असतो तो फुटला की ज्वलनातील वायू पाण्यात शिरतात, रेडिएटरमध्ये बुडबुडे येतात, होज पाइप थंड इंजिनातही काही क्षणांत फुगून कडक होतात आणि गाडी ‘पाणी फेकू’ लागते. लक्षणे स्पष्ट असली तर निदान निर्विवाद असते. पण हे मत लक्षणांची वाट पाहत नाही, कारण हेड उतरवण्याची मजुरी इतर सर्व उपायांच्या मजुरीपेक्षा मोठी असते, आणि एकदा हेड उतरले की त्याचे फेसिंग, वॉल्व्ह घासणे आणि ‘आलोच आहोत तर’ या सदरात मोडणारी इतर सर्व कामे ओघाने येतात. या मताचे अनुयायी ‘वॉटर बॉडी’, म्हणजे पाण्याचा पंप, जाता जाता बदलून टाकतात, तोही कधी कधी खरा दोषी असतो, आणि तरीही गाडी बरी झाल्याचे श्रेय गॅस्केटवाद्यांकडेच राहते.

सहावे मत शुद्ध मायावाद होय. त्यानुसार गाडी तापतच नाही, तापल्याचा भास होतो. हे मत ऐकून प्रथम हसू येते, परंतु इंजिन बदललेल्या गाडीत ते वरचेवर खरे ठरते. तापमान सांगणारा सेन्सर हा उष्णतेनुसार विद्युतरोध बदलणारा भाग असतो, आणि डॅशबोर्डवरील काटा त्याच्याच सवयीप्रमाणे जुळवलेला असतो; सेन्सर नव्या इंजिनाचा आणि काटा जुन्या गाडीचा असला तर सेन्सर खरे बोलतो, काटा ते चुकीचे ऐकतो, आणि ८० अंशांवर निवांत चाललेल्या इंजिनासाठी मालक नवा रेडिएटर विकत घेतो. उलट प्रकार अधिक घातक, कारण तेथे काटा हिरव्या पट्ट्यात निश्चिंत असताना पिस्टन सिलिंडरला चिकटते. म्हणून अवरक्त किरणांनी तापमान मोजणारे पिस्तुलासारखे यंत्र थर्मोस्टॅटच्या घराजवळ रोखून खरे अंश पाहणे, ही या सर्व चर्चेची सुरुवात असायला हवी. ती बहुधा शेवट असते.

आता उत्तरपक्ष. या सहांपैकी एकही मत सर्वथा खोटे नाही, मात्र प्रत्येक मत आपल्या दुकानाच्या शटरपर्यंतच खरे आहे, आणि त्यांच्यात निवाडा करण्यासाठी वेगळे यंत्र विकत घ्यावे लागत नाही, कारण सुरतेच्या भूगोलाने तीन प्रयोगशाळा फुकट दिल्या आहेत. पहिली सहारा दरवाज्याची: तेथील संध्याकाळच्या कोंडीत गाडी तापते आणि मोकळ्या रस्त्यावर निवते, तर दोष हवेचा, म्हणजे पंखा, पट्टा किंवा श्राउडचा, कारण कोंडीत वारा पंख्यालाच आणावा लागतो. दुसरी कडोदऱ्यापुढील महामार्गाची: गाडी कोंडीत थंड राहून वेगात तापते, तर दोष पाण्याच्या वाहतुकीचा, म्हणजे बुजलेल्या नळ्या, अर्धवट उघडणारी झडप किंवा पंपाच्या ओढीने आत चपटा होणारा खालचा होज पाइप. तिसरी कोंडाईबारीची: गाडी सर्वत्र थंड राहून भरल्या वजनाने घाट चढतानाच तापते, तर दोष हिशेबाचा, म्हणजे इंजिन मोठे आणि रेडिएटर लहान, किंवा अधिक ओढ मिळावी म्हणून इंजिनाला डिझेल पुरवणाऱ्या पंपावर डिझेलचे प्रमाण वाढवून ठेवलेले. आणि जी गाडी अंगणातच, थंड असताना सुरू केल्यावर लगेच पाणी फेकते, तिला प्रयोगशाळेपर्यंत नेऊ नये. तेथे गॅस्केटवाद्यांचा विजय मान्य करावा.

इंजिनबदलाचा आणखी एक खास दोष या प्रयोगशाळांत गोंधळ उडवतो, तो म्हणजे कोंडलेली हवा. नव्या इंजिनाचे डोके जुन्या रेडिएटरच्या वरच्या टाकीपेक्षा उंच बसले, तर पाणी भरताना हवा डोक्यातच अडकते आणि रेडिएटर काठोकाठ भरलेला दिसत असताना इंजिनाचा सर्वांत तापणारा भाग कोरडा राहतो. उपाय साधा आहे: पाण्याची टाकी डोक्याच्या पातळीहून वर बसवणे, डोक्यापासून टाकीपर्यंत हवा जाण्यासाठी बारीक नळी देणे आणि पाणी भरताना गाडीची पुढची चाके चढावर ठेवणे. या उपायात विकण्यासारखे काही नसल्यामुळे तो कोणत्याही दर्शनात समाविष्ट झालेला नाही.

सिद्धान्त असा की तपासणी स्वस्ताकडून महागाकडे जावी: आधी काटा खरा की खोटा, मग पाण्याची पातळी, झाकण आणि पट्टा, मग जाळीवरचा कचरा आणि दर्शनी अलंकार, मग पंखा आणि श्राउड, मग थर्मोस्टॅट, होज पाइप आणि कोंडलेली हवा, त्यानंतर रेडिएटर, आणि सर्वांत शेवटी हेड. आणि ज्याला मुळातच या दर्शनांच्या नादी लागायचे नाही, त्याने इंजिन विकत घेताना त्याच्याच गाडीचा रेडिएटर, पंखा, श्राउड, सेन्सर आणि काटा सोबत उचलावा, म्हणजे पुढचा वाद टळतो. प्रत्यक्षात क्रम नेमका उलटा चालतो, कारण आधी मोठी रक्कम खर्च झाल्याशिवाय दुरुस्ती झाल्यासारखे मालकाला वाटत नाही, आणि पाचशे रुपयांच्या झाकणाने बरा झालेला ट्रक त्याला संशयास्पद वाटतो.

अखेर गाडी निवते. श्रेय ज्याने शेवटी हात लावला त्याला मिळते, आधीचे पाच जण ‘अर्धे काम आम्हीच केले होते’ असे सांगतात, आणि ते गणिताने खरेही असू शकते. मालक मात्र या अनुभवातून वेगळाच निष्कर्ष काढतो: भरल्या गाठींनिशी कोंडाईबारी चढूनही काटा हलला नाही, याचा अर्थ गाडीत अजून चार गाठी बसतात. त्या चार गाठी दुसऱ्या दिवशी चढवल्या जातात, आणि सहाही दुकाने वेळेवर उघडतात.